'नेतोरारे'ला मराठीत काय म्हणाल? (जपानी दोजिन कथांमधली प्रतारणा आणि हरलेला नवरा)

वळचणीची_चिमणी
आधीच सांगते, विषय प्रौढांचा आहे, पण धाग्यात चावट काही नाही. त्या आशेने आला असाल तर आल्या पावली परत फिरा.

मी पुण्यात घरी बसून जपानी-इंग्रजी अनुवादाची कामं करते. एरवी सगळी यंत्रांची मॅन्युअल्स. गेल्या महिन्यात एका एजन्सीकडून भलतंच काम आलं, एका प्रौढ दोजिन गेमची संहिता. दोजिन म्हणजे कुठल्याही प्रकाशकाशिवाय एकट्याने किंवा चार मित्रांनी मिळून लिहायचं, चित्रं काढायची आणि स्वतःच विकायचं. नाव सांगता येणार नाही, करार आहे.

गोष्ट साधी आहे. नवरा-बायको पस्तिशीचे, घर कावासाकीला. कंपनी नवऱ्याची बदली सेंदाईला करते. बायकोची नोकरी इकडे, म्हणून तो एकटाच जातो. जपानीत याला 'तान्शिन फुनिन' असा रीतसर शब्द आहे. महिन्यातून एकदा तो शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, घरी येतो. दर खेपेला घरातलं काहीतरी किंचित हललेलं असतं. तिसऱ्या खेपेला तो भाताचा कुकर उघडतो. या कुकरच्या भांड्याला आतून रेघा असतात : १ गो, २ गो, ३ गो (गो हे तिथलं तांदळाचं माप). एकटी असल्यापासून बायको एकच गो लावते, हे त्याला ठाऊक आहे. भांडं धुतलेलं आहे, पण घाईत. पेजेचा वाळलेला पापुद्रा दोनच्या रेघेला चिकटून राहिलाय. तो काही विचारत नाही. नखाने पापुद्रा खरवडतो, भांडं पुन्हा घासतो आणि पालथं घालतो.

पुढे जे यायचं ते येतं, गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. पण मी त्या कुकरपाशी दोन दिवस अडकले.

माझी सवय अशी की अवघड वाक्य आधी मराठीत करून बघायचं. या प्रकाराला ते 'नेतोरारे' म्हणतात. 'नेतोरु' म्हणजे दुसऱ्याचं माणूस अंथरुणात ओढून आपलंसं करणं, आणि 'नेतोरारे' हे त्याचं कर्मणी रूप. म्हणजे ज्याचं माणूस गेलं, त्याच्या बाजूने सांगितलेली गोष्ट. यावर दोन प्रश्न.

१. याला मराठीत शब्द काय?
२. स्वतःच्या खिशातले पैसे घालून माणसं हरणाऱ्या नवऱ्याच्या जागी का जाऊन बसतात?

फोडणीचा_भात
शीर्षक न वाचता आत शिरलो. कुणीतरी म्हणालं एनटीआरवर (नेतोरारेचं छोटं रूप, आत्ता कळलं) धागा आलाय, मला वाटलं तेलुगू पिक्चरवर आहे. बसतो आता, कुकरचं पुढे काय झालं ते सांगा.

घाटमाथा
विकृती आहे. आणि पुण्यातल्या बायका त्याचे अनुवाद करतायत. चालू द्या.

वळचणीची_चिमणी
@घाटमाथा, पुण्यातल्या बायका बॉयलरच्या सुरक्षा-सूचनांचेही अनुवाद करतात. ते जास्त भयानक असतं.

ओसाका_रिटर्न
नाव ओसाका असलं तरी शेवटची दोन वर्षं तोक्योत काढली. डिसेंबर २०१९ला ऑफिसातल्या एका पोराबरोबर कोमिकेटला गेलो होतो. कोमिकेट म्हणजे दोजिनवाल्यांची वारी, वर्षातून दोनदा, ऑगस्टात आणि डिसेंबरात, आरिआकेच्या तोक्यो बिग साइटला. पहिली भरली २१ डिसेंबर १९७५ला, ३२ गट आणि सातेकशे माणसं. मी गेलो त्या खेपेला चार दिवसांत साडेसात लाख.

प्रत्येक गटाला अर्धं टेबल मिळतं, साधारण ९० सेंटिमीटर रुंद. तेवढ्यात गठ्ठे, भावफलक, सुट्या पैशांचा डबा आणि मागे दोन खुर्च्या. तिथे 'ग्राहक' हा शब्दच चालत नाही, विकणारा, घेणारा, स्वयंसेवक सगळे 'सहभागी'. सकाळी स्वयंसेवक टेबलाटेबलाशी येऊन नमुना-प्रत चाळतात आणि झाकायचं ते नीट झाकलंय ना बघतात.

या धाग्यातल्या विषयाचे वेगळे गाळे होते. मी ज्याच्याशी बोललो तो चाळिशीचा, स्वेटर घातलेला, आपल्याकडचा बँकेतला क्लार्क वाटावा असा. मुखपृष्ठावरच ठळक पट्टी : 'नेतोरारे आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी घेऊ नये.' तिथे न रुचणाऱ्या विषयाला 'जिराई' म्हणतात, म्हणजे भूसुरुंग. वाचणाऱ्याचा पाय चुकून पडू नये म्हणून आधीच पाटी. मी ५०० येनचं नाणं दिलं, त्याने दोन्ही हातांनी पुस्तक दिलं आणि मान लववली. इतक्या अदबीने मला कुणी दुःख विकलं नव्हतं.

पोटजातीही आहेत. 'नेतोरी' म्हणजे ओढून नेणाऱ्याच्या बाजूची गोष्ट. 'नेतोरासे'त नवराच स्वखुशीने पाठवतो. आणि तरुण मंडळींत 'बीएसएस' नावाचा प्रकार आहे, 'बोकु गा साकि नि सुकि दात्ता नोनि', म्हणजे 'माझं तर आधीपासून प्रेम होतं की'. यात लग्न नाही, वचन नाही, कबुलीसुद्धा नाही. तरी गडी लुबाडला गेल्यासारखा रडतो.

फोडणीचा_भात
शेवटच्या प्रकारावर आमच्या कॉलेजच्या आख्ख्या मेकॅनिकल शाखेचा हक्क आहे. रॉयल्टी मागतो.

रातराणी२
+१. लिंक मिळेल का?

चालक
लिंका देऊ नयेत, मागू नयेत. पात्रं प्रौढ आणि चर्चा साहित्याची, एवढ्या मर्यादेत धागा चालू राहील.

जुना_कागद
चिमणीताई, तुमचा गेम मी बघितलेला नाही, बघणारही नाही, पण त्या कुकरचं घराणं फार जुनं आहे.

'दोजिन' हा शब्द आज चित्रकथांना चिकटलाय, मुळात तो साहित्यिक टोळक्यांचा. १८८५ साली तोक्योत ओझाकी कोयो आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी 'केन्युशा' नावाचं मंडळ काढून 'गाराकुता बुन्को' सुरू केलं. 'गाराकुता' म्हणजे अडगळ, मोडकंतोडकं. सुरुवातीचे अंक हाताने लिहून आपसांत फिरवलेले. दोजिन नियतकालिकांचा मूळपुरुष म्हणून त्याचंच नाव घेतात. साठच्या दशकात आपल्याकडे जी लघुअनियतकालिकं निघाली ती याच जातकुळीची, फक्त पाऊणशे वर्षांनी.

आता गंमत बघा. याच कोयोने १८९७पासून 'योमिउरी' वर्तमानपत्रात 'कोन्जिकी याशा' लिहायला घेतली. कान्इची नावाचा अनाथ विद्यार्थी, त्याच्याशी लग्न ठरलेली ओमिया, आणि मध्ये हिऱ्याची अंगठी घातलेला श्रीमंत तोमियामा. ओमिया तिकडे वळते. आतामीच्या समुद्रकिनाऱ्यावर, १७ जानेवारीच्या रात्री, कान्इची तिला सांगतो की दर वर्षी या रात्री चंद्र झाकोळलेला दिसला तर समज मी कुठेतरी रडतोय. आणि तिला लाथ मारतो. पुढे तो सावकार होतो, माणसांतून उठतो. कोयो १९०३ला गेला, कादंबरी अपुरी राहिली. त्या लाथेचा पुतळा आजही आतामीला आहे, लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात.

म्हणजे दोजिनचा मूळपुरुष आणि 'माझी दुसऱ्याने नेली'चा सर्वांत गाजलेला लेखक, एकच गृहस्थ.

सुरळीची_वडी
पुतळा लाथेचा आहे हे वाचून काही सुचेना.

@जुना_कागद, माहिती छान, पण मूळ मुद्दा तुम्ही सगळे ओलांडून गेलात. ओमियाला काय वाटत होतं? गेममधल्या बायकोला काय वाटतं? 'माझी नेली' म्हणताना ती बाई म्हणजे सायकल आहे का, कुलूप न लावल्यामुळे गेलेली?

काळा_कोट
वडीताई, कायद्यात ती बरीच वर्षं सायकलच होती. दोन्हीकडे.

जपानचा दंडविधान १९०७चा. त्यातलं कलम १८३ म्हणजे व्यभिचाराचा गुन्हा. पण गुन्हा फक्त लग्नाच्या बाईने केलेला, आणि तक्रार फक्त तिच्या नवऱ्याने करायची. नवऱ्याने बाहेर काही केलं आणि समोरची बाई कुणाची बायको नसेल तर कायदा गप्प. नव्या संविधानानंतर १९४७ला ते कलम काढून टाकलं.

आपल्या भारतीय दंडसंहितेचं कलम ४९७ आठवा. इथे शिक्षा दुसऱ्या पुरुषाला, पाच वर्षांपर्यंत. बायको आरोपीसुद्धा नाही. वरवर सवलत वाटते, पण अर्थ असा की तिला स्वतःची मर्जीच नाही. आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही, म्हणजे ओसाकावाल्यांचं 'नेतोरासे' आमच्या कलमात बसवून दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं २७ सप्टेंबर २०१८ला. जपानच्या ७१ वर्षं मागून.

अवांतर : ओसाकावाले म्हणतात ती झाकाझाकी अश्लीलतेच्या कलम १७५मुळे, तेही १९०७चं आणि अजून जिवंत. 'लेडी चॅटर्लीज लव्हर'चं भाषांतर करणारा इतो सेइ आणि त्याचा प्रकाशक, दोघांची शिक्षा जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ला कायम केली. सात वर्षांनी, १९६४ला, त्याच पुस्तकासाठी मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. मराठीचं नशीब जरा बरं. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, खटला पार दिल्लीपर्यंत गेला आणि १९६९ला ते सुटले.

घाटमाथा
वकीलसाहेब, म्हणजे आता काही चालतं?

काळा_कोट
चालतं असं नाही, तुरुंग नाही एवढंच. जपानमध्ये तर आजही फसवलेला जोडीदार तिसऱ्या माणसावर दिवाणी दावा लावून भरपाई मागतो. 'इशार्यो' म्हणतात तिला. तिथल्या गुप्तहेर कचेऱ्यांचं पोट यावर चालतं.

तिरफळ
इशार्यो! आता माझ्या विषयावर आलात.

मी घाट चढणाऱ्या बसमध्ये जपानी ई-कॉमिक वाचणारी बाई आहे, हसू नका, जपानीची एन-३ परीक्षा झालीये. पुरुषांच्या बाजूला नेतोरारे आहे तशी बायकांच्या बाजूला 'सारे-झुमा'. 'सारेरु' म्हणजे केलं जाणं, 'झुमा' म्हणजे बायको. काय केलं गेलं ते सांगतच नाहीत, नुसती 'केली-गेलेली बायको'. इथेही कर्मणीच. पण गोष्टीची चाल बघा. तिसऱ्या पानावर नवऱ्याच्या शर्टाला वास येतो, पाचव्यावर ती त्याच्या फोनचे फोटो काढून ठेवते, दहाव्यावर वकिलाकडे. मग सासरच्या सगळ्यांसमोर लिफाफा उघडायचा आणि भरपाईचा आकडा सांगायचा. एकही पान रडण्यात वाया जात नाही.

म्हणजे नवऱ्याने फसवलं तर बाई वकील गाठते आणि बायकोने फसवलं तर पुरुष कुकर घासतो.

सुरळीची_वडी
हे वाक्य मी फ्रिजवर लावणार आहे.

फोडणीचा_भात
आमच्या घरी न फसवताच कुकर घासावा लागतो, त्याचं काय?

ओसाका_रिटर्न
तिरफळताई, एक सांगतो. सगळंच दोजिन पुरुषांचं आहे असा समज होतोय इथे. १९७५च्या पहिल्या कोमिकेटला आलेल्यांत बहुसंख्य मुली होत्या, शोजो मांगा, म्हणजे मुलींसाठीच्या चित्रकथा, वाचणाऱ्या. आजही हजारो बाया लिहितात. आणि दोजिनवाल्याला संपादक नसतो, हा मोठा फरक. 'शेवट गोड कर' असं सांगणारं कुणी नाही. म्हणून शेवट बिनदिक्कत कडू होतात.

पैशाचं मात्र अडतं. २०२४ला एका मोठ्या दोजिन विक्री-साइटवर आधी काही विषयांची नावं बदलावी लागली, मग परदेशी क्रेडिट कार्डंच बंद झाली. कलम १७५ने जे केलं नाही ते कार्ड कंपन्यांनी केलं असं लोक म्हणत होते.

जुना_कागद
सुरळीची_वडी यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. बाईला काय वाटत होतं?

दोन ठिकाणं आठवतात. एक, 'गेन्जी', म्हणजे गेन्जी नावाच्या राजपुत्राची कादंबरी, अकराव्या शतकाचा आरंभ, लिहिणारी बाई. उतारवयात गेन्जीला कोवळ्या वयाची राजकन्या बायको म्हणून मिळते. काशिवागी नावाचा तरुण तिच्यापर्यंत पोचतो, आणि ती बिचारी त्याचं पत्र बसायच्या उशीखाली सरकवून विसरते. गेन्जीच्या हाताला ते लागतं. अक्षर तो ओळखतो. पुढे मूल होतं, पन्नासाव्या दिवसाच्या सोहळ्यात सगळ्यांसमोर गेन्जी ते मांडीवर घेतो. त्याला माहीत आहे ते आपलं नाही. आणि तरुणपणी त्याने स्वतः हेच बापाच्या बाबतीत केलेलं असतं. आता त्याला प्रश्न पडतो, बापालाही कळलं होतं का? माहीत असून त्यांनी मला चेहरा दाखवला नाही का? मला वाटतं नेतोरारेवाल्यांनी यापुढे हजार वर्षांत फारशी भर घातलेली नाही. राजकन्या मात्र केस कापून संन्यास घेते. तेवढंच तिचं उत्तर.

दुसरं, चिकामात्सु या नाटककाराचं आमिजिमाचं बाहुलीनाट्य, १७२१. इथे फसवली गेलेली बायको ओसान. कागदविक्या नवरा एका गणिकेत गुंतलाय. ओसानने तिला चोरून पत्र लिहून विनवलेलं असतं की याला सोड. ती बाई शब्द पाळते. आता तिला दुसरा कुणी विकत घेणार, मग ती जीव देणार, हे ओसानच्या लक्षात येतं. आणि ती सवतीला सोडवायला कपाटाचे खण उघडून एकेक किमोनो गहाणाला काढते, पोरांचेसुद्धा. नवरा विचारतो, मग तुझं काय? ती म्हणते, मुलांची दाई होईन, स्वयंपाकीण होईन.

सुरळीची_वडी
ओसानला साष्टांग. पण तीही दुसऱ्यासाठीच झिजली ना! असो. राजकन्येने केस कापले ते मला जास्त पटलं.

तिरफळ
ओढून नेणाऱ्याच्या बाजूनेही हरणं लिहिलंय हं. सोसेकीची कादंबरी 'मोन', १९१०. सोसुकेने मित्राची बाई आपलीशी केलेली, आता दोघं एका कड्याखालच्या अंधाऱ्या घरात राहतात, छान राहतात, पण एकही मूल जगत नाही. कुणी शिक्षा करत नाही. नुसता तो कडा वर.

रातराणी२
कडा कोसळतो का?

तिरफळ
नाही हो. गल्लीतला म्हातारा भाजीवाला म्हणतो, कोसळणार नाही. कोसळला असता तर सुटले असते.

जुना_कागद
आता आपल्याकडचं. 'तान्शिन फुनिन' वाचल्यापासून डोक्यात 'गाहा सत्तसई' आहे. हाल सातवाहनाचा संग्रह, आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातला. नवरा परगावी, पाऊस लागलेला, वाटसरू दारात. ती प्रसिद्ध गाथा आठवत असेल : सासू तिकडे झोपते, मी इकडे, दिवसाउजेडी बघून ठेव रे रातांधळ्या प्रवाशा, रात्री चुकून आमच्या अंथरुणावर पडशील. ध्वनीची, म्हणजे काव्यातल्या न बोललेल्या अर्थाची, चर्चा करणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली.

पण फरक कुठे आहे बघा. गाथेत बोलते ती बाई, नाहीतर तिची सखी, नाहीतर मावशी. नवरा दूर कुठेतरी चालतोय, त्याला कवितेत जागाच नाही. तो परत येऊन भांडं उघडून बघत नाही. गोष्ट बाईच्या हातात, म्हणून खट्याळ. जपान्यांनी तीच गोष्ट परत आलेल्या नवऱ्याच्या हातात दिली, की झाली सुतकाची.

ओसाका_रिटर्न
दंडवत. हे कोमिकेटच्या त्या क्लार्कला ऐकवायला हवं.

बाभूळ
पहिल्यांदाच लिहितोय. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो.

मी बोटीवर होतो, अकरा वर्षं. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. एकदा घरी आलो तेव्हा केबलवाला आला. मी पैसे काढले तर म्हणाला, 'अहो परवा दादांनीच दिले ना.' परवा मी डर्बन बंदराच्या बाहेर नांगरावर होतो.

मीही काही विचारलं नाही. त्याला पाणी दिलं आणि दार लावलं. सात महिन्यांनी बायको सोडून गेली, त्या महिन्यांतलं फारसं आठवत नाही. 'परवा दादांनीच' हे त्याच्या आवाजासकट आठवतं.

तुम्ही विचारलंत की हरणाऱ्याच्या जागी माणसं का जाऊन बसतात. बाकीच्यांचं माहीत नाही. तिथे बसलेला आणखी एक जण बघायला मिळतो म्हणून असेल. बाकी चित्रांशी मला देणंघेणं नाही, पण कुकर मी शेवटपर्यंत वाचला असता.

फोडणीचा_भात
बाभूळदादा, मगाशी मस्करी करत होतो. माफ करा.

बाभूळ
अहो करा मस्करी. बरं वाटतंय.

सुरळीची_वडी
बाभूळ, एक विचारते, नाही सांगितलंत तरी चालेल. तुम्ही तिला दोष दिला नाहीत लिहिताना. तेव्हा दिला होता?

बाभूळ
दिला की. चार-पाच वर्षं. मग एकदा हिशोब केला, अकरा वर्षांत तिच्याबरोबर दिवस किती काढले. तीन वर्षंसुद्धा भरत नव्हती.

घाटमाथा
मी वर विकृती म्हणालो होतो. बाभूळरावांपुढे ते बरं दिसत नाही, मागे घेतो. गेमबद्दल मत तेच आहे.

शब्दाचं कुणीच बघेना म्हणून सांगतो. आमच्याकडं आजी म्हणायची, 'ऐन पेरणीत बैल मला आजारी पडला.' आजारी बैल, पण भोगणार मी. 'पोरगं मला नापास झालं.' त्या 'मला'त सगळं येतं. तुमचं ते कर्मणी का काय, हेच नाही का?

वळचणीची_चिमणी
घाटमाथा, तुम्ही मला आठवड्याचं काम करून दिलंत!

जपानीत अगदी हेच आहे. 'आमे नि फुरारेता', शब्दशः 'पावसाने मी पडला गेलो', म्हणजे पाऊस पडला आणि भिजलो मी. 'चिचि नि शिनारेता', वडील मला गेले. 'त्रासाचा कर्मणी' म्हणतात वर्गात. मराठीत याला व्याकरणात जागा नाही असं मी विद्यार्थ्यांना सांगत आले. आजीच्या तोंडात होती की.

आता सुरळीची_वडीसाठी, कारण तुमचा सायकलचा प्रश्न मला रात्रभर छळत होता. 'त्सुमा ओ नेतोरारेता'. इथे त्सुमा, म्हणजे बायको, तिच्यापुढे 'ओ' आहे. 'ओ' म्हणजे कर्म. पाकीट मारलं की 'साइफु ओ नुसुमारेता', तोच 'ओ'. तेव्हा हो, व्याकरणाने ती सायकलच. प्रकाराच्या नावातच आहे ते.

पण काल शेवटचा प्रसंग केला. घर विकायला काढलंय, शेजारची म्हातारी विचारते, 'बाई दिसत नाहीत?' नवरा म्हणतो, 'त्सुमा नि निगेरारेमाशिते.' इथे 'नि' आहे. 'नि' म्हणजे करणारी ती. ती पळाली आणि भोगलं मी. आख्ख्या गेममध्ये तो पहिल्यांदा तिला 'नि' देतो. ४० हजार अक्षरांच्या संहितेत 'ओ'चा 'नि' झाला, एवढंच घडलं. लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलं की हातून झालं, माहीत नाही. संपादक नव्हता त्याला, एवढं नक्की.

मराठीत मी लिहिलं : 'बायको मला निघून गेली.' इंग्रजीत काय केलं ते कृपया विचारू नका.

जुना_कागद
'बायको मला निघून गेली.' कानाला खटकतंय. राहू द्या, खटकू द्या.

तिरफळ
प्रकाराचं नाव राहिलंच पण. एका शब्दात काय?

काळा_कोट
'परहस्ते-पत्नी'?

फोडणीचा_भात
वकीलसाहेब, हे दस्त नोंदणीसारखं वाटतं.

वळचणीची_चिमणी
नाव नेतोरारेच ठेवतेय. आपण सुनामी घेतलं, हेही घेऊ.

सुरळीची_वडी
एक शंका, सगळ्यांनी गृहीत धरलंय म्हणून. दोन गो लावले म्हणजे दुसरा माणूस आलाच कशावरून? मी एकटी असते तेव्हा दोन वेळचा एकदम लावते.

वळचणीची_चिमणी
नवराही स्वतःला तेच सांगतो, पुढच्या दोन खेपा.

फोडणीचा_भात
बरं, दोन गो म्हणजे आपल्या किती वाट्या?

वळचणीची_चिमणी
एक गो १८० मिली, म्हणजे ३६०. आपल्या मोठ्या दोन वाट्या धरा. दोघांना व्यवस्थित पुरतो.

बाभूळ
एकट्यालाही पुरतो. उरलेला सकाळी फोडणीला.